चि. सायलीस, अकरावीच्या मानसशास्त्राबद्दल

दादर, मुंबई
बुधवार, रात्र

चि. सायलीस,
अनेक आशीर्वाद.

आजीकडचे आंबे संपल्याशिवाय तू काही चिपळूण सोडत नाहीस. म्हणून कॉलेज सुरू होण्याआधी सांगायचं ते पत्रातच लिहिते. मानसशास्त्र घेतलंस याला माझी ना नाही. फोनवर मात्र म्हणालीस, "सोपा विषय आहे गं, सगळं माहीतच असतं आपल्याला." गुण जातात ते नेमके इथेच.

रसायनशास्त्रात 'मोल' शब्द आला की मुलं थबकतात, कारण तो घरात कुणी बोलत नाही. इथे बुद्धी, भावना, प्रेरणा, ताण, शिक्षा असे सगळे शब्द रोजच्या तोंडचे, पण प्रत्येकाचा पुस्तकातला अर्थ जास्त काटेकोर. 'ऋण प्रबलन' घे. ऋण म्हणजे काहीतरी वाईट, म्हणजे शिक्षाच, असं बरीच मुलं लिहून मोकळी होतात. पण प्रबलन म्हणजे वर्तन वाढवणारी गोष्ट. गाडीत पट्टा लावेपर्यंत टुंग-टुंग वाजत राहतं आणि लावला की थांबतं. नकोसं काहीतरी दूर झालं म्हणून पट्टा लावणं वाढलं, हे ऋण प्रबलन. लोकलमध्ये विनातिकीट सापडलीस आणि टीसीने भाड्याशिवाय वर २५० रुपये वसूल केले, तर तिथेही काहीतरी काढूनच घेतलं, पण विनातिकीट जाणं कमी व्हावं म्हणून. ती शिक्षा. काय दिलं-घेतलं हे बघायचंच, पण आधी विचारायचं, वर्तन वाढलं की घटलं? निम्मा गोंधळ तिथेच मिटतो.

संज्ञांसाठी एक वेगळी वही कर. पुस्तकातली मराठी संज्ञा, तिचा इंग्रजी शब्द, व्याख्या आणि स्वतःचं एक उदाहरण, असे चार रकाने. उदाहरण स्वतःचंच हवं, गाईडमधलं नको. दादर स्टेशनच्या गोंगाटात इतर काही ऐकू येत नसताना आपलं नाव कुणी घेतलं तर कान टवकारतात, हे अवधान, म्हणजे लक्ष देणं, या संज्ञेचं उदाहरण म्हणून चालेल. इंग्रजी शब्दाचा रकाना अशासाठी की इथल्या बहुतेक कॉलेजांत बीएला हा विषय इंग्रजीतून शिकवतात. बालभारतीच्या संकेतस्थळावर दोन्ही माध्यमांची पुस्तकं फुकट मिळतात. तोच धडा शेजारी शेजारी उघडला की वही आपोआप भरते. आणखी एक, variable ला परिवर्त्य आणि चल, किंवा independent ला स्वाश्रयी आणि स्वतंत्र, असे वेगवेगळ्या पुस्तकांत वेगवेगळे शब्द सापडतील. उत्तरपत्रिकेत आपल्या पाठ्यपुस्तकातलाच शब्द लिहायचा.

आता प्रात्यक्षिक. बोर्डाची लेखी परीक्षा ८० गुणांची आणि हे काम उरलेल्या २० गुणांचं, म्हणून मुलं ते शेवटच्या आठवड्यावर ढकलतात. खरं तर विषय कळतो तो इथेच. कॉलेजात कुठलाही प्रयोग देवोत, सुट्टीत घरी एक करून बघ, प्रत्यावाहन आणि प्रत्यभिज्ञा. आठवून सांगणं सोपं की बघून ओळखणं सोपं, एवढाच प्रश्न.

साध्या, ओळखीच्या शब्दांच्या दोन याद्या कर, प्रत्येकी २० शब्दांच्या. एका कार्डावर एक शब्द, ठळक अक्षरात. पहिल्या यादीचं एकेक कार्ड २ सेकंद दाखव. संपलं की लगेच लिहायला सांगू नकोस. १०० पासून तीन-तीन वजा करत अर्धा मिनिट उलटं मोजायला लाव, नाहीतर शेवटचे चार-पाच शब्द कानात घुमत असतात आणि फुकटचे मोजले जातात. मग २ मिनिटांत आठवतील ते शब्द, हव्या त्या क्रमाने. ५ मिनिटं विश्रांती. दुसरी यादी तशीच दाखव, उलटं मोजणंही तसंच, पण या वेळी हातात ४० शब्दांचा कागद दे, २० दाखवलेले आणि २० नवे, सरमिसळ करून. दाखवलेल्या शब्दांवर खूण करायची.

खरी गंमत गुण मोजताना आहे. पहिल्या यादीत ११ आठवले तर २० पैकी ११, म्हणजे ५५ टक्के. दुसऱ्या यादीत १८ बरोबर ओळखले आणि ३ नव्या शब्दांवर चुकून खूण केली, तर १८ मधून ३ वजा, १५ भागिले २०, म्हणजे ७५ टक्के. वजाबाकी कशासाठी? एखाद्याने डोळे मिटून चाळीसच्या चाळीस शब्दांवर खुणा केल्या, तर त्याचे वीसही बरोबर येतील! वजाबाकीने तो शून्यावर येतो. तोंडी परीक्षेत हे हमखास विचारतात आणि सूत्र पाठ केलेली मुलं इथे गप्प होतात.

बिघडतं कुठे, तेही बघ. एकाच यादीत कांदा, बटाटा, टोमॅटो आले तर ते तीन शब्द राहत नाहीत, भाजीची एक पिशवी होते आणि आठवायला सोपी जाते. दोन्ही वेळा तीच यादी वापरली तर दुसऱ्या वेळी सराव मोजला जातो, ओळख नाही. प्रयोग अनेकांवर केलास आणि सगळ्यांना आधी प्रत्यावाहन आणि मग प्रत्यभिज्ञा दिली तर फरक प्रकारामुळे पडला की क्रमामुळे, सांगता येत नाही, म्हणून निम्म्यांचा क्रम उलटा ठेव. कार्ड दाखवताना "शाब्बास" म्हणू नकोस, भुवयाही उंचावू नकोस. प्रयुक्त म्हणून, म्हणजे ज्याच्यावर प्रयोग करायचा तो, धाकट्या ईशानला धरलंस तर त्याला आधी विचार, आणि जर्नलमध्ये त्याचं नाव नाही, फक्त आद्याक्षर आणि वय. शेवटी त्याला कसं वाटलं, शब्द कसे लक्षात ठेवले, ते त्याच्याच शब्दांत लिही. अंतर्निरीक्षण अहवाल म्हणतात तो हाच, आणि निकाल विचित्र आला तर कारण बहुधा तिथेच सापडतं.

निकाल उलटा आला तर आकडे बदलायचे नाहीत. आख्ख्या बॅचच्या जर्नलात एकसारखे सुबक आकडे दिसले की तपासणाऱ्याला कळतंच. चर्चेत लिहायचं, शेजारी टीव्ही चालू होता, नवे शब्द जुन्यांशी फार मिळतेजुळते निवडले गेले, वगैरे. त्या चर्चेलाही गुण असतात.

बुद्धिमत्तेच्या धड्यात बुद्ध्यांकाचं गणित येईल. मानसिक वय भागिले शारीरिक वय, गुणिले १००. आठ वर्षांच्या मुलाचं मानसिक वय दहा, तर १२५. गणित सोपं आहे, पण चाळिशीच्या माणसाला लावून बघ, हास्यास्पद होतं. वयाबरोबर मानसिक वय तसं वाढत जात नाही. म्हणूनच मानसशास्त्रज्ञ वेक्स्लरच्या १९३९ च्या बुद्धिमत्ता चाचणीपासून माणसाची तुलना त्याच्याच वयाच्या लोकांशी होऊ लागली, सरासरी १०० धरून. सूत्राच्या शेजारी हे दोन ओळींत लिहिलंस तर उत्तर उठून दिसेल. सनावळ्या मात्र मोजक्याच पाठ कर. १८७९, लाइपझिग, वुंटची मानसशास्त्राची पहिली प्रयोगशाळा. १९१६, कलकत्ता विद्यापीठातला मानसशास्त्र विभाग. १९०५, बिने आणि सिमोनची बुद्धिमत्ता चाचणी.

अभ्यास करताना हाच विषय स्वतःला लाव. एबिंगहॉस या मानसशास्त्रज्ञाने निरर्थक अक्षरगट स्वतः पाठ करून विस्मरण मोजलं आणि १८८५ मध्ये ते छापलं, तेव्हा पहिल्या तासाभरातच निम्म्याहून अधिक निसटलं होतं. रोडिगर आणि कार्पिके यांनी २००६ मध्ये दाखवलं की उतारा परत परत वाचणारे पाच मिनिटांनंतर पुढे असतात, पण आठवड्याने पुढे असतात ते वाचून झाल्यावर न बघता आठवून लिहिणारे. म्हणजे रात्रभर पिवळ्या पेनने ओळी रंगवल्या की अभ्यास झाल्यासारखा वाटतो, एवढंच. धडा वाच, पुस्तक मिट, कोऱ्या कागदावर आठवेल ते लिही, मग लाल पेनने भर घाल. दुसऱ्या दिवशी एकदा, आठवड्याने एकदा.

मनोविकारांचा धडा आला की तुमच्या ग्रुपवर निदानं सुरू होतील. मावशी दोनदा ओटा पुसते म्हणून तिला ओसीडी, म्हणजे तेच तेच विचार आणि कृती थांबवता न येण्याचा विकार, होत नाही. त्रास किती, किती दिवस, रोजच्या कामात अडथळा येतो का, हे पाहिल्याशिवाय कुणी तज्ज्ञही नाव देत नाही. डीएसएम-५ या मनोविकारांच्या निदानाच्या पुस्तकात नैराश्यासाठी नऊपैकी किमान पाच लक्षणं सलग दोन आठवडे लागतात आणि त्यातलं एक उदास मन किंवा कशातच रस न वाटणं असावंच लागतं. मैत्रीण खरंच जिवाचं बरंवाईट करण्याचं बोलली, तर गुपित ठेवायचं नाही. तिला एकटं सोडायचं नाही आणि लगेच मोठ्या माणसाला सांगायचं. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ क्रमांक फोनमध्ये आत्ताच साठवून ठेव.

पुढचं थोडक्यात. औषधं लिहून देणारा मानसोपचारतज्ज्ञ आधी एमबीबीएस होतो, म्हणजे 'नीट' ही वैद्यकीय प्रवेश परीक्षा, म्हणजे अकरावीला भौतिक, रसायन, जीवशास्त्र. कला शाखेतून थेट ती वाट नाही, हे बाबांना एकदा नीट समजावून सांग, कारण ते अजून शेजाऱ्यांना "डॉक्टर होणार" म्हणतायत. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट व्हायचं तर बीए, एमए आणि त्यापुढे भारतीय पुनर्वास परिषदेने मान्य केलेलं प्रशिक्षण व तिथली नोंदणी. एमएसाठी कलिन्याला मुंबई विद्यापीठाचा विभाग आहेच. बीएला संख्याशास्त्र येतं, तेव्हा दहावीचं सरासरी, मध्यक, बहुलक विसरू नकोस.

कार्डांना जाड कागद हवा, पातळ कागदातून मागचा शब्द दिसतो. लग्नपत्रिकांचे जुने पुठ्ठे आजीच्या ट्रंकेत असतील, ते कापून घे. स्टॉपवॉच इथे कपाटात आहे, सेल मी बदलून ठेवते.

तुझी,
आई