पहिल्या मजल्यावरच्या काकांना उघड पत्र

ती. स्व. काका यांस,
सा. न. वि. वि.

लेकीला गणित शिकवल्याबद्दल तोंडावर आभार मानले की तुम्ही विषय उडवून लावता, म्हणून चारचौघांत लिहिते आहे.

पाचवीच्या शिष्यवृत्तीसाठी लेकीने मूळ संख्यांची, म्हणजे फक्त 1 ने आणि स्वतःने भाग जाणाऱ्या संख्यांची, यादी पाढ्यासारखी घोकली होती. 1 ते 100 मध्ये 25 मूळ संख्या, धडाधड म्हणायची. पण 91 त्यात का नाही, असं विचारलं की गाडी अडलीच. विषम आहे, 3 ने भाग जात नाही, 5 नेही नाही, मग मूळच की!

तुम्ही पुस्तक बाजूला सारलंत आणि द्राक्षांचे अर्ध्या किलोचे रिकामे पनेट, म्हणजे प्लास्टिकचे डबे, जिन्यात मांडलेत. पिंपळगावच्या पॅकहाउसमध्ये उमेदीची वर्षं गेलेला माणूस दुसरं काय मांडणार म्हणा! 12 पनेट दिलेत. सहाच्या दोन ओळी, चाराच्या तीन, नाहीतर एकच लांबलचक ओळ. 1, 2, 3, 4, 6, 12 हे विभाजक तिने असे मांडून शोधले. मग हळूच तेरावा पनेट सरकवलात. दोन ओळी केल्या, एक उरला. तीन केल्या, एक उरला. चार केल्या, तरी एक उरलाच. शेवटी वैतागून तिने सगळे एका ओळीत लावले. "झाली मूळ संख्या," एवढंच म्हणालात.

1 चं कोडंही तिथेच सुटलं. मूळ संख्येला नेमके दोन विभाजक लागतात, 1 ला एकच. म्हणून तो ना मूळ, ना संयुक्त (दोनपेक्षा जास्त विभाजकांचा). आणि 2 सोडला तर एकही सम संख्या मूळ नाही, हे तर ती आता मलाच ऐकवते.

मला स्वतःला आवडलं ते 91 चं. विभाजक जोडीने येतात आणि जोडीतले दोन्ही 10 पेक्षा मोठे असले तर गुणाकार 100 च्या पलीकडे जातो. म्हणजे शंभरापर्यंत दहाच्या आतल्या मूळ संख्या, 2, 3, 5, 7, एवढ्याच तपासल्या की काम भागलं. 91 सातावर सापडला: 7 गुणिले 13. 97 मात्र चौघांनाही पुरून उरला. शाळेत असताना मला हे कुणी सांगितलं नव्हतं.

आता कॉलेज रोडच्या सिग्नलला एमएच 15 च्या पाट्या वाचणं चालू असतं. परवा 1001 दिसला, तर घरी येईपर्यंत 7, 11 आणि 13 काढून मोकळी!

पुढे मसावि (महत्तम सामाईक विभाजक) आणि लसावि (लघुतम सामाईक विभाज्य) आहेत. रविवारी वेळ काढाल का? पनेट माळ्यावर टाकायला तिने मला सक्त मनाई केली आहे.

आपली,
वरच्या मजल्यावरची सूनबाई
नाशिक