ऑक्सफर्डहून पत्र

१४ नोव्हेंबर

प्रिय अविनाश,

तुझा फोन आला तेव्हा राउंड चालू होता, नीट बोलता आलं नाही. पोटविकारात डीएम झाल्यावर आणखी एक वर्ष फक्त आयबीडीला, म्हणजे कोलायटिस आणि क्रोन्स या आतड्याच्या दाहाच्या आजारांना, कशाला, हा तुझा प्रश्न मात्र डोक्यात राहिला.

दुर्बिणी आपण मुंबईत पोटभर घातल्या. इथे मी शिकतोय ते वेळेवर निर्णय घेणं. ट्रूलव्ह आणि विट्स यांनी कोलायटिसवरची कॉर्टिझोन या स्टेरॉइडची चाचणी १९५५ मध्ये छापली, ती याच गावातून. तीव्र झटक्याचे आपण पाठ केलेले निकषही त्यांचेच. पण इथे सगळं लक्ष तिसऱ्या दिवसावर असतं. शिरेतून स्टेरॉइड चालू असूनही तिसऱ्या दिवशी आठच्या वर जुलाब, किंवा तीन ते आठ आणि सीआरपी (रक्तातलं दाहाचं माप) ४५ च्या वर, तर त्याच भरतीत आतडं काढावं लागण्याची शक्यता ८५ टक्के, असं इथल्या रुग्णांवरून १९९६ मध्ये मांडलं गेलं. तेव्हा प्रतिकारशक्ती दाबून दाह कमी करणारं इन्फ्लिक्सिमॅब हाताशी नव्हतं. आता आहे, तरी ‘बघू अजून दोन दिवस’ कोणी म्हणत नाही. सर्जन आधीपासूनच पेशंटला ओळखत असतो.

परवा स्टोमा नर्ससोबत होतो, म्हणजे ऑपरेशनमध्ये पोटावर काढलेलं आतड्याचं तोंड सांभाळणाऱ्या नर्ससोबत. ऑपरेशनचं अजून नक्की नव्हतं, तरी तिने एका पेशंट मुलीला उभं केलं, बसवलं, वाकायला लावलं. पोटाला घडी कुठे पडते, जीन्सचा पट्टा कुठे येतो, तिला स्वतःला ती जागा दिसते का, हे सगळं बघून मगच स्टोमाच्या जागी पेनाने खूण केली. जागा चुकली तर पिशवी गळते आणि माणूस घराबाहेर पडायचं सोडतो. हे आपल्याला कुणी इतक्या जवळून दाखवलंच नव्हतं रे.

आणि सारखी आठवण येते ती आपल्या एकेटीवरच्या, म्हणजे टीबीच्या औषधांवरच्या, पेशंटची. लहान आणि मोठं आतडं जुळतं त्या इलिओसीकल भागात अल्सर, वजन उतरलेलं, म्हणजे टीबी धरायचा, हे आपल्याकडे बरोबरच आहे. टीबी असताना इन्फ्लिक्सिमॅब दिलं तर तो अंगभर पसरू शकतो. पण दोन-तीन महिन्यांनी पुन्हा आत बघायलाच हवं. टीबीचे अल्सर तोवर भरत येतात. नुसतं ‘बरं वाटतंय’ यावर कोर्स पुढे रेटला आणि तो क्रोन्स निघाला, तर तेवढ्या काळात आतडं आखडत जातं.

म्हणून एक काम कर. सोलापूरच्या तुझ्या ओपीडीत पोटाच्या टीबीचे जे पेशंट आहेत, त्यांत दुसरी कोलोनोस्कोपी राहिलेल्यांची यादी काढ आणि त्यांना बोलावून घे. मी परत येईपर्यंत थांबू नकोस. शिवाय तुमच्या सिस्टरांपैकी कुणाला स्टोमाचं काम शिकायचं असेल तर कळव, इथल्या नर्सशी व्हिडिओवर गाठ घालून देतो. ती तयार आहे, मी विचारून ठेवलंय.

वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
मिलिंद