आयटीआयला आधी मेस्त्री द्या, मग मशिनं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आयटीआयच्या कायापालटाच्या बातम्या तुमच्या अंकात गेले काही महिने नेमानं येतायत. ऑक्टोबर २०२५ मध्ये 'पीएम-सेतू' योजना सुरू झाली. देशातल्या एक हजार सरकारी आयटीआय सुधारणार, दोनशे मोठ्या संस्थांच्या हाताखाली आठशे लहान जोडणार, आणि खर्च साठ हजार कोटी. त्यातले तीस हजार केंद्राचे, वीस हजार राज्यांचे, दहा हजार उद्योगांचे. वाचून बरं वाटतं. मी स्वतः आयटीआयचा टर्नर, म्हणजे लेथ या मशिनावर लोखंड कातणारा. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात दोन लेथ, एक मिलिंग आणि एक म्हातारं ड्रिल मशीन, एवढ्यावर माझं जॉबवर्क चालतं. आयटीआयला पैसा मिळाला तर माझ्यापेक्षा जास्त आनंद कुणाला होणार? पण या बातम्यांत इमारत असते, मशीन असतं, ड्रोन, सौरऊर्जा, इलेक्ट्रिक गाड्या असे नवे कोर्स असतात, फीत कापणारे तर असतातच. शिकवणारा माणूस मात्र मला अजून कुठल्या फोटोत दिसला नाही. म्हणून हे पत्र.

गेल्या पावसाळ्यात एक मुलगा माझ्याकडं कामाला लागला. टर्नर ट्रेड, दोन वर्षं पूर्ण, गुण माझ्यापेक्षा चांगले. वागायला गरीब, वेळेचा पक्का. पहिल्या दिवशी त्याला पंचवीस मिलिमीटरचा माइल्ड स्टीलचा बार दिला आणि म्हटलं, फेसिंग कर, म्हणजे बारचं तोंड सपाट काप. त्यानं बार चकमध्ये नीट धरला, टूल बांधलं, मशीन चालू केलं. फेसिंग झालं आणि बारच्या बरोबर मध्यावर तांदळाएवढं बोंड राहिलं. पोरगं बोंडाकडं बघतंय, मी पोराकडं.

'का राहिलं रे?'

'सर, टूलची धार गेली असंल.'

धार गेली नव्हती. टूल सेंटरच्या, म्हणजे फिरत्या बारच्या मध्यरेषेच्या, खाली बसलं होतं. खाली पातळ पत्र्याचा तुकडा सारला की झालं. बरं, त्याला हे ठाऊक नव्हतं असंही नाही. विचारल्यावर 'टूलचं टोक सेंटरच्या उंचीला असावं' हे वाक्य त्यानं पाढा म्हणावा तसं म्हणून दाखवलं. वाक्य तोंडपाठ होतं, बोंड डोळ्यांपुढं होतं, पण या दोघांची गाठ कुणी घालून दिली नव्हती. दुसऱ्या दिवशी टूल ग्राइंड करायला, म्हणजे चाकावर धार लावायला, दिलं तर दोन मिनिटांत टोक निळं पडलं. पाण्यात बुडवायचं भान नाही, आणि चाकावर किती दाब द्यायचा हे हाताला माहीत नाही. क्लिअरन्स अँगल किती अंशांचा, हे मात्र तो आजही झोपेतून उठवलं तरी सांगेल. थिअरीचा पेपर संगणकावर असतो, चार पर्यायांतला एक निवडायचा. त्यात तो पहिल्या झटक्यात पास झालाय.

चहा पिताना हळूहळू सगळं बाहेर आलं. तुकडी वीसची. लेथ आठ, त्यातले चालू चार. पहिल्या वर्षी निदेशकांची, म्हणजे ट्रेड शिकवणाऱ्या सरांची, बदली झाली, मग सहा महिने त्यांच्या जागी कुणीच नाही. दुसऱ्या ट्रेडचे सर हजेरी घेऊन जायचे. एक जॉब पाच जण मिळून करायचे आणि पाचही जण आपापल्या डायरीत तोच जॉब लिहायचे. ही संस्था कुठली ते मी लिहीत नाही, कारण तिला एकटीला दोष देण्यात अर्थ नाही. उद्यमनगरात दुपारच्या डब्याच्या वेळी विषय काढून बघा, प्रत्येक दुकानदार अशीच एक गोष्ट सांगेल, फक्त ट्रेड वेगळा असेल.

आता जरा हिशेब मांडतो. पूर्वी आयटीआयचं वर्ष सोळाशे तासांचं होतं. २०२२ च्या नव्या अभ्यासक्रमात ते बाराशे तासांवर आलं. कारखान्यातल्या प्रत्यक्ष कामाचे किंवा प्रकल्पाचे दीडशे तास वेगळे धरलेत, ते कागदावर. बाराशेतले पहिल्या वर्षी प्रात्यक्षिकाला ८४०. पाच पोरांत एक लेथ असेल तर एकाच्या वाट्याला येतात १६८ तास. माझ्या दुकानाची पाळी आठ तासांची, म्हणजे एकवीस दिवस. वर्षभराचं शिक्षण एकवीस दिवसांचं, तेही वीज गेली नाही, निदेशक जागेवर आहेत, कपाटाची किल्ली सापडली आणि कापायला लोखंड आलं असेल तर. माझ्याकडं ते पोरगं तीन आठवड्यांत टूल ग्राइंड करायला शिकलं त्याचं आता मला नवल वाटत नाही. त्या तीन आठवड्यांत तो लेथपुढं जितका उभा राहिला तितका तिकडं अख्ख्या वर्षात राहिला असेल की नाही, शंकाच आहे.

मशिनं आली की हे सुटेल, असं मानणाऱ्यांना जुनी आठवण करून देतो. २००७-०८ सालीही अशीच मोठी योजना आली होती. देशातल्या १,३९६ सरकारी आयटीआयना प्रत्येकी अडीच कोटींचं बिनव्याजी कर्ज, आणि ते खर्च करायला उद्योजकाच्या अध्यक्षतेखाली संस्था व्यवस्थापन समिती. हेतू चांगला होता आणि काही ठिकाणी कामही चांगलं झालं. पण त्याच काळात एका संस्थेत मी डोळ्यांनी पाहिलेलं, संगणकावर चालणारं सीएनसी मशीन अजून आठवतं. वरचं प्लॅस्टिक तसंच, उद्घाटनाचा झेंडूचा हार वाळून काळा पडलेला, आणि कंट्रोल पॅनेलवर कुणीतरी जेवणाचा डबा ठेवलेला. चालवायला शिकलेला निदेशक नव्हता. ज्याला पुरवठादारानं तीन दिवस शिकवलं त्याची बदली झाली होती. मशिनाचं वय वाढत गेलं, काम मात्र त्यानं कधी केलं नाही. साठ हजार कोटींतून अशी किती प्लॅस्टिकं विकत घेणार आहोत?

निदेशक मिळत नाहीत, असं नेहमी सांगतात. मिळतात हो. राज्यात २०२२ साली शिल्प निदेशकांच्या १,४५७ जागांची जाहिरात निघाली. एका दमात एवढ्या जागा काढाव्या लागल्या, म्हणजे त्याआधी त्या किती वर्षं साचू दिल्या असतील! मधल्या काळात तासिका तत्त्वावर माणसं आणायची. शिकवतील तेवढ्या तासांचेच पैसे, सुट्टीत काही नाही, पुढच्या वर्षी राहू की नाही ते देवाला ठाऊक. अशा माणसानं पोराच्या हाताला वळण कसं लावायचं? वळण लावायला दोन वर्षं तोच माणूस पाठीशी लागतो. आज याची चूक, उद्या त्याची चूक, आणि कुणाची कुठली हे लक्षात ठेवणारा एक मेस्त्री.

मेस्त्री हा शब्द मुद्दाम वापरतोय. उद्यमनगर उभं राहिलं ते मेस्त्र्यांच्या जिवावर. या गावात बाबूराव पेंटरांनी १९१८ च्या सुमारास सहकारी विष्णुपंत दामल्यांच्या मदतीनं सिनेमाचा कॅमेरा घरच्या घरी घडवला, तोही कुठल्या प्रमाणपत्राशिवाय. त्यांचं मूळ आडनावही मेस्त्रीच. नंतर इथं ऑइल इंजिनं झाली, पंप झाले, साखर कारखान्यांचे सुटे भाग झाले. पोरगं आधी झाडलोट करायचं, मग कानस धरायचं, मग वर्षाभरानं लेथला हात लावायचं. त्या पद्धतीत मारही होता, फुकटची राबणूकही होती, आणि मुलींना तर दारातही उभं करत नव्हते. तिचं गुणगान मला करायचं नाही. आयटीआय आली ती ही राबणूक टाळून तेच शिक्षण सगळ्यांना मिळावं म्हणून. माझ्यासारख्या शेतमजुराच्या पोराला कुठल्या मेस्त्र्यानं उभं केलं नसतं, आयटीआयनं केलं. पण राबणूक काढता काढता मेस्त्रीच निघून गेला.

जाता जाता एक गंमत. आपला मेस्त्री हा पोर्तुगीज 'मेस्त्रे'वरून आला, आणि जर्मन लोकांचा 'मायस्टर' हा त्याचाच भाऊ, दोघांची आई लॅटिन. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारनं जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल माणसं पाठवायचा करार केला, तेव्हा जर्मन शिक्षणपद्धतीची आपल्याकडं फार वाखाणणी झाली. तिकडं शिकाऊ मुलगा कंपनीत शिकतो आणि आठवड्यातले एक-दोन दिवस शाळेत जातो, तीन-साडेतीन वर्षं. कारखान्यात त्याला शिकवणाऱ्यालाही शिकवण्याची वेगळी परीक्षा द्यावी लागते. आपण मुलं तिकडं पाठवायचं ठरवलं, शिकवणाऱ्याच्या परीक्षेचं मात्र कुणी ऐकलं नाही.

आपल्याकडची अप्रेंटिसशिप हा स्वतंत्र पत्राचा विषय आहे, थोडक्यात लिहितो. शिकाऊ उमेदवार कायदा १९६१ चा. २०१९ पासून तीस किंवा जास्त कामगार असलेल्या कारखान्याला अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ घेणं सक्तीचं आहे. चार ते एकोणतीस कामगार असलेल्यांना ते ऐच्छिक. मोठ्या कंपनीत पोरगं वर्षभर एकाच मशिनावर उभं राहतं, पार्ट लावतं, हिरवं बटण दाबतं, पार्ट काढतं. वर्ष संपलं की त्याच्या जागी दुसरं पोरगं, आणि हे हातात कागद घेऊन माझ्या दारात. लहान दुकानात तो पाच प्रकारची कामं शिकला असता, पण आमच्यातल्या बहुतेकांना अप्रेंटिसशिपच्या सरकारी पोर्टलवर नोंदणी कशी करायची तेही कळत नाही, आणि सांगायला कुणी येत नाही. एवढंच नाही, पालकांनाही पोरगं कंपनीत गेलेलं हवं असतं. प्रवेशाच्या वेळी इलेक्ट्रिशियनला रांग लागते ती महावितरणच्या विद्युत सहाय्यकाच्या आशेनं. टर्नरला कोण येतं? ज्याला दुसरं काही मिळालं नाही तो. त्याला तरी नीट शिकवा.

नव्या कोर्सला माझा विरोध नाही. ड्रोनचाही शाफ्ट कुणीतरी टर्न करतोच. माझं मागणं लहान आहे. तुमच्या जिल्हा प्रतिनिधींनी जिल्ह्यातल्या प्रत्येक आयटीआयला तीन प्रश्न विचारावेत आणि उत्तरं छापावीत. निदेशकांच्या मंजूर जागा किती आणि त्यांतल्या कायम भरलेल्या किती? मशिनांपैकी आज सकाळी चालू किती? आणि गेल्या वर्षी मुलांना कापायला किती किलो लोखंड घेतलं? तिसऱ्या प्रश्नाला लोक हसतील, पण मला विचाराल तर संस्थेची खरी नाडी तिथंच कळते.

त्या लोखंडाचंच एक सांगून थांबतो. उद्यमनगरात रोज बारचे उरलेले तुकडे निघतात, चार बोटांचे, वीतभराचे. आम्हाला निरुपयोगी, पण शिकणाऱ्या पोराला फेसिंग, टेपर, आटे सगळं करून बघायला पुरेसे. आम्ही चार दुकानदारांनी मिळून दोन पोती भरली आणि एका संस्थेत द्यायला नेली. तिथल्या सरांचा चेहरा खुलला. पण भांडारात नोंद कुठल्या नावाखाली करायची हे कुणालाच कळेना. देणगीचा अर्ज द्या, मग वरून मंजुरी आणू, असं सांगितलं. अर्ज दिला, त्यालाही आता तीन महिने झाले. पोती अजून माझ्या दुकानाच्या दारात आहेत. वळिवाचा पाऊस सुरू व्हायच्या आत कुणी नेली तर बरं होईल, कारण एकदा गंज चढला की ती भंगारवाल्यालाच द्यावी लागतील.

आपला,
एक टर्नर,
शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर