पूल तापवायचे पैसे भरण्याआधी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नाताळच्या सुट्ट्या लागल्या की ताडोबा, पेंच, नागझिऱ्याच्या आसपासचे व्हिला आणि फार्महाउस भरतात. स्विमिंग पूल बहुतेक ठिकाणी असतो आणि तो तापवून हवा असेल तर हल्ली वेगळे पैसे मागितले जातात. ते द्यावेत का, असे कुटुंबे आम्हाला वारंवार विचारतात. पूल बांधणे आणि सांभाळणे हेच आमचे काम असल्यामुळे हिशेबासकट उत्तर देतो. मत आधीच सांगून टाकतो : रात्री पूलवर झाकण पडत नसेल, तर पैसे देऊ नका.

आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत दुपार २७-२८ अंशांची आणि पहाट १०-१२ अंशांची असते. लाट आली की पारा त्याहूनही खाली जातो. या दिवसांत उघड्या पूलचे पाणी १८ ते २० अंशांवर राहते. मोठ्यांना निवांत डुंबायला २७-२८ अंश लागतात, लहान मुलांना ३०. म्हणजे पाणी नऊ-दहा अंशांनी वर न्यावे लागते.

विजेच्या एका युनिटएवढ्या उष्णतेने ८६० लिटर पाणी एक अंशाने तापते. व्हिलातला साधारण पूल ८ मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि सरासरी सव्वा मीटर खोल, म्हणजे ४०,००० लिटरचा धरा. त्याला दर अंशामागे सुमारे ४७ युनिट लागतात आणि नऊ अंशांना ४२०. हीट पंप बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून पाण्यात सोडतो. त्यामुळे हे काम तो ९० ते १०० युनिट विजेत करतो. गिझरसारखी कॉइल बसवलेला हीटर मात्र पूर्ण ४२० युनिट खातो. व्हिलात कोणते यंत्र आहे, हे म्हणूनच आधी विचारावे.

खरा खर्च पुढे सुरू होतो. माठातले पाणी ज्या कारणाने गार होते, त्याच कारणाने पूलही गार होतो. एक लिटर पाणी वाफ होऊन उडाले की सुमारे ०.६८ युनिट उष्णता घेऊन जाते. आपली हिवाळी हवा कोरडी असल्याने तापवलेल्या उघड्या पूलची पातळी एका रात्रीत ४ मिलिमीटर सहज उतरते. एवढ्या पूलमध्ये ते १२८ लिटर झाले, म्हणजे जवळजवळ ८७ युनिट उष्णता, पाण्याचे दोन अंश. निरभ्र आकाशाखाली आणखी अर्धा-पाऊण अंश जातो. झाकण असेल तर ही घट एखाद्या अंशावर येते. बुडबुड्यांचे निळे प्लास्टिक झाकण रोज नीट वापरले, तर हीटर न लावताही पाणी तीन-चार अंशांनी चढे राहते. मालकांनी आधी झाकण घ्यावे आणि मग हीट पंप, हे आम्ही कायम सांगतो. मात्र कोणी पाण्यात उतरण्याआधी ते पूर्ण काढलेच पाहिजे. अर्धवट झाकलेल्या पूलमध्ये मूल झाकणाखाली गेले तर वरून दिसतही नाही.

तक्रारी सर्वाधिक येतात त्या वेळेवरून. पाहुणे दुपारी दोनला पोहोचतात आणि त्यांच्यासमोर बटण दाबले जाते. १७ किलोवॉट उष्णता देणारा पंप रात्री आठपर्यंत, सहा तासांत, पाणी जेमतेम दोन अंशांनी चढवतो. संध्याकाळी २१ अंशांच्या पाण्यात पोरांचे ओठ निळे पडतात आणि पैसे गेलेले असतात. पूर्ण नऊ अंशांसाठी तोच पंप २५ तास सलग चालावा लागतो, रात्रीची घट धरली तर त्याहून जास्त. मुक्कामाच्या किमान दोन दिवस आधी सुरू करणार का, हे लेखी विचारा. पाणी एकदा तापले की मग पंप सकाळी दहा ते पाच चालवलेला बरा. पहाटेच्या गारठ्यात त्याची ताकद घटते, दुपारच्या २७ अंशांच्या हवेत तोच जोमाने चालतो.

खेड्यात विजेचा प्रश्नही आहे. हरभरा-गव्हाच्या ओलिताच्या दिवसांत व्होल्टेज पडते आणि पंपाचा कॉम्प्रेसर ट्रिप होतो. काही यंत्रे लाइट आली तरी आपोआप सुरू होत नाहीत, कोणीतरी जाऊन बटण दाबावे लागते. रात्री ट्रिप झालेला पंप सकाळपर्यंत तसाच पडून राहतो. छोट्या जनरेटरवर तो चालतही नाही. बोअरचे जड पाणी असेल तर हीट एक्स्चेंजरमध्ये, म्हणजे पंपाची उष्णता पाण्याला देणाऱ्या भागात, क्षार बसतात आणि उष्णता पाण्यात उतरत नाही. एक्स्चेंजर टायटॅनियमचा असावा, तांब्याचा क्लोरीनने लवकर खराब होतो. पाण्याचा पीएच ७.२ ते ७.६ ठेवला की क्षारही कमी बसतात.

आता पाहुण्यांच्या बाजूने. सकाळच्या सफारीहून परतायला दहा-साडेदहा होतात आणि दुपारची गाडी अडीचच्या सुमारास निघते. पूलसाठी उरतात दुपारचे तीन तास आणि अंधार पडल्यानंतरचा गारठा. दोन रात्री राहून चार सफारी करणाऱ्यांनी पैसे वाचवावेत. भर उन्हात २० अंशांतही मोठी माणसे डुबकी मारतात. तीन-चार रात्रींचा मुक्काम असेल, सोबत लहान मुले असतील किंवा चिखलदऱ्यासारख्या सुमारे ११०० मीटर उंचीवरच्या गावी जायचे असेल, तर पैसे देणे योग्य. फक्त मुलांचा छोटा पूल तापवता येतो का, तेही विचारा. १०,००० लिटरला दहा अंशांसाठी हीट पंपाची २५-३० युनिट पुरतात. पण दोन्ही पूलचे पाणी एकाच टाकीतून फिरत असेल तर हे जमत नाही. मार्च ते सप्टेंबर मात्र कोणी हीटिंगचे पैसे मागितले तर सरळ नाही म्हणा.

दर पटतो का, ते असे पाहा. मोठा पूल, हीट पंप, झाकण आणि दोन रात्री, यांना सगळे मिळून १३० ते १५० युनिट लागतात. झाकण नसेल तर २०० च्या घरात. युनिटमागे १५ रुपये धरले तर दोन ते तीन हजार होतात. देखभाल आणि यंत्राची झीज यासाठी मालकाने त्यावर काही घेणे रास्तच आहे. रोजचे पाच-सहा हजार मागत असेल, तर कॉइलचा हीटर आहे का, ते विचारा.

पोहोचण्याच्या दिवशी सकाळी आठला, हाताच्या कोपराएवढ्या खोलीवर धरलेल्या थर्मामीटरचा फोटो मागवा. दुपारी वरवरचे पाणी उन्हाने तापलेले असते, तो आकडा धरू नका. रात्री धबधबा आणि कारंजी बंद ठेवायला सांगा, त्यातून पाणी झपाट्याने निवते. आणि पावतीवर ‘पाणी किमान २७ अंश, नसल्यास हीटिंगची रक्कम परत’ एवढी ओळ लिहून घेतल्यावरच पैसे पाठवा.

– स्विमिंग पूल बांधणी व देखभालीचे काम करणारे, चंद्रपूर जिल्हा