कटऑफ छापता, तशी फीही छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सीईटीचा निकाल लागला की सगळी वृत्तपत्रे, आपले दैनिकही, पानभर कटऑफ छापतात. कुठल्या कॉलेजात संगणक शाखा किती पर्सेंटाइलला बंद झाली हे दशांशाच्या सातव्या स्थळापर्यंत कळते. त्याच कॉलेजची वर्षाची फी मात्र त्या तक्त्यात कुठेच नसते. मग घरोघरी उलटा क्रम चालतो. कॉलेज ठरते, पसंतीक्रमाची यादी भरली जाते, जागा मिळते, पेढे वाटले जातात आणि त्यानंतर वडील कॉलेजच्या खिडकीशी फीचा कागद हातात धरून उभे राहतात. हा क्रम कसा बदलता येईल, एवढ्यासाठीच हे पत्र.

अभियांत्रिकीच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेत, म्हणजे कॅपमध्ये, उलट्या क्रमाची किंमत आता वाढली आहे. २०२५-२६ पासून चार फेऱ्या झाल्या. पहिल्या फेरीत यादीतला पहिला पर्याय मिळाला, दुसरीत पहिल्या तिनांपैकी एखादा किंवा तिसरीत पहिल्या सहांपैकी एखादा मिळाला, तर ती जागा आपोआप फ्रीज, म्हणजे पक्की, होते. ती घ्यायची, नाहीतर पुढच्या फेऱ्यांचा नाद सोडायचा. ‘आधी मिळू तर दे, मग बघू’ हे आता चालत नाही. परवडणार नाही असे कॉलेज पहिल्या सहांत असेल, तर ते लागणे हाच तोटा ठरतो. (नियमांत दर वर्षी काही ना काही बदलते. त्यामुळे शेजाऱ्याच्या मुलाचे गेल्या वर्षी काय झाले यापेक्षा यंदाची माहितीपुस्तिका वाचलेली बरी.)

याच यादीत नेमकी उलटी चूकही होते. मोठे कॉलेज वर टाकले तर ‘नंबर वाया जाईल’ या भीतीने पालक हमखास मिळणारे कॉलेज पहिल्या क्रमांकावर टाकायला लावतात. जागावाटप गुणवत्तेच्या क्रमाने होते. मुलाची पाळी आली की त्याची यादी वरून खाली तपासली जाते आणि रिकामा असलेला पहिला पर्याय त्याला दिला जातो. वरचे पाच पर्याय अवघड असल्याने सहाव्याची शक्यता कणभरही कमी होत नाही. म्हणून क्रम खऱ्या पसंतीचा लावावा. अट एकच: त्यातले प्रत्येक कॉलेज फीसकट घरात आधी मान्य झालेले असावे.

फी कुठे पाहायची? खासगी विनाअनुदानित व्यावसायिक महाविद्यालयांची फी २०१५ च्या राज्य कायद्याखालचे शुल्क नियामक प्राधिकरण मंजूर करते आणि कॉलेजनिहाय आकडे त्याच्या संकेतस्थळावर असतात. कॉलेजच्या माहितीपत्रकातला आकडा आणि हा आकडा शेजारी ठेवून बघावा. मंजूर आकड्यात शिकवणी शुल्क आणि विकास शुल्क येते. वसतिगृह, मेस, बस, अनामत, विद्यापीठाची किरकोळ शुल्के त्यात नसतात. ती कॉलेजकडून चारही वर्षांची लेखी मागावीत, कारण कर्जासाठी बँकही तोच कागद मागते. काही जुन्या संस्थांत एकाच इमारतीत एक शाखा अनुदानित आणि दुसरी विनाअनुदानित असते. दोघींचे चॉईस कोड (यादीत भरायचे क्रमांक) वेगळे आणि फीत जमीनअस्मानाचा फरक. आणखी एक गोष्ट नीट विचारावी: संस्था विद्यापीठाला संलग्न कॉलेज आहे, की स्वतःच खासगी किंवा अभिमत विद्यापीठ आहे? फाटकावरच्या पाटीवरून हे कळतेच असे नाही. पण राज्याच्या बहुतेक फी सवलती या एका प्रश्नाच्या उत्तरावर ठरतात.

सवलतींबद्दल गैरसमज फार आहेत. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ८ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या आर्थिकदृष्ट्या मागास (ईडब्ल्यूएस), सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास (एसईबीसी) आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिकवणी आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले. ‘मुलींचे शिक्षण मोफत’ एवढाच त्याचा मथळा लोकांच्या लक्षात राहिला. प्रवेश कॅपमधूनच झालेला हवा. खासगी आणि अभिमत विद्यापीठे यात नाहीत. विकास शुल्क, राहणे, जेवण हे सगळे घरूनच. गाव सोडून शिकणाऱ्या मुलीचा खरा खर्च राहण्याजेवणाचाच असतो. त्यासाठी पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता, अनुसूचित जातींसाठी स्वाधार, जमातींसाठी स्वयम्, ओबीसींसाठी सावित्रीबाई फुले आधार अशा वेगळ्या योजना आहेत. त्यांचे अर्ज वेगळे, कागद वेगळे. खुल्या गटातल्या, ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलांना राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीतून निम्मे शिकवणी शुल्क मिळते, तेही कॅपमधून आलेल्यांना. एखाद्या संस्थेच्या कोट्यातून ‘तीच शाखा, तेच कॉलेज’ घेतले की ही दारे बंद होतात. कोट्याच्या जागेचा भाव ठरवताना गमावलेली शिष्यवृत्ती कोणी त्यात धरत नाही.

टीएफडब्ल्यूएस, म्हणजे शिकवणी शुल्क माफी योजनेची जागा ही याहून चांगली आणि दुर्लक्षित संधी. मंजूर जागांखेरीज पाच टक्के जागा ८ लाखांखालच्या उत्पन्न गटासाठी असतात आणि शिकवणी शुल्क पूर्ण माफ असते. तिचा चॉईस कोड वेगळा, शेवटी ‘टी’ अक्षर असलेला. अर्ज भरताना ही सवलत हवी असे नोंदवले नसेल तर तो कोड दिसतच नाही. एखादी शाखा हवी असेल तर तिचा टीएफडब्ल्यूएस कोड आधी आणि साधा कोड लगेच त्याखाली टाकावा. उलट टाकला तर साधी जागा आधी लागू शकते, मग माफीची जागा हुकली म्हणायचे. फक्त हे लक्षात ठेवावे की टीएफडब्ल्यूएसवर प्रवेश घेतल्यावर पुढे शाखा किंवा कॉलेज बदलता येत नाही.

दाखल्यांचे काम निकालानंतर नव्हे, एप्रिलमध्येच हाती घ्यावे. नॉन-क्रिमीलेअर पुढच्या वर्षीच्या ३१ मार्चपर्यंत वैध असलेले लागते. गेल्या वर्षीचे घेऊन सुविधा केंद्रावर गेलेला मुलगा खुल्या गटात ढकलला जातो. ईडब्ल्यूएसचा दाखलाही चालू वर्षाचा हवा. आयआयटी-एनआयटीसाठी केंद्राच्या नमुन्यातला आणि राज्यासाठी राज्याच्या नमुन्यातला असे दोन कागद करावे लागतात, हे अनेकांना ऐन वेळी कळते. जात वैधता प्रमाणपत्राला सर्वांत जास्त वेळ लागतो. मूल अकरावीत असतानाच प्रस्ताव टाकावा. प्रस्तावाची पावती चालते का आणि कधीपर्यंत, हे त्या वर्षीच्या पुस्तिकेत बघावे. दहावीची गुणपत्रिका, आधार आणि जातीचा दाखला या तिन्हींत नाव एकसारखे आहे का हे एकदा शेजारी ठेवून पाहावे. एका वेलांटीपायी महाडीबीटीचा, म्हणजे राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरचा, अर्ज परत येतो.

महाडीबीटीचे पैसे अडकण्याचे नेहमीचे कारण बँक खाते. खात्यात आधार ‘दिलेले’ असणे आणि ते खाते शासकीय रकमेसाठी एनपीसीआयकडे (राष्ट्रीय पेमेंट महामंडळाकडे) आधारशी जोडलेले असणे या दोन वेगळ्या गोष्टी. जोडणी एका वेळी एकाच खात्याला असते. मध्ये कुठे दुसरे खाते उघडताना ती हलली, तर शिष्यवृत्ती भलत्याच पासबुकात जाते. शाळेत असताना उघडलेले अज्ञान मुलाचे खाते १८ पूर्ण झाल्यावर नव्याने केवायसी केल्याशिवाय नीट चालत नाही. हे सगळे बँकेत जाऊन आधीच पाहून घ्यावे. अर्ज दर वर्षी नव्याने नूतनीकरण करावा लागतो आणि कॉलेजच्या लिपिकाने तो पुढे पाठवावा लागतो. तिथे तो पडून राहतो, म्हणून पंधरवड्याने एकदा चौकशी करावी. शिष्यवृत्तीपात्र मुलांकडून ती रक्कम प्रवेशाच्या वेळी घेऊ नये असे शासनाचे आदेश असले, तरी ती मागितली जाते. कोणी मागितलीच तर ‘लेखी द्या’ म्हणावे. अनेकदा तिथेच मागणी थांबते.

आता कर्ज. बँक संघटनेच्या नमुना योजनेत ४ लाखांपर्यंत तारण नाही आणि मार्जिनही (खर्चातला स्वतःचा वाटा) नाही, साडेसात लाखांपर्यंत तारण नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या केंद्राच्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत निवडक दर्जेदार संस्थांतल्या गुणवत्तेवरच्या प्रवेशांना तारण आणि जामीनदार दोन्ही लागत नाहीत. ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना १० लाखांपर्यंतच्या कर्जावर हप्ता सुरू होईपर्यंत ३ टक्के व्याज सवलत आहे, मात्र दुसरी शासकीय शिष्यवृत्ती घेत असल्यास ती मिळत नाही. साडेचार लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना तांत्रिक-व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी त्या काळातले पूर्ण व्याज सरकार भरते. पण हे सगळे वाचून ‘नोकरी लागली की फेडेल’ म्हणण्याआधी कागदावर एक हिशेब करावा.

समजा दर वर्षी दीड लाख, असे चार वर्षांत ६ लाख कर्ज आणि व्याज १० टक्के. शिक्षणाची चार वर्षे आणि वरचे एक वर्ष हप्ता नाही, पण व्याज पहिल्या दिवसापासून चढते. सरळव्याज धरले तरी पहिल्या दीड लाखावर पाच वर्षांचे ७५ हजार, दुसऱ्यावर ६०, तिसऱ्यावर ४५, चौथ्यावर ३०, मिळून २ लाख १० हजार. म्हणजे हप्ता बसतो तो ८ लाख १० हजारांवर. दहा वर्षांत फेडायचे तर महिना सुमारे १०,७०० रुपये. हेच व्याज घरून भरत गेले, म्हणजे पहिल्या वर्षी महिना १,२५०, मग २,५००, मग ३,७५० आणि शेवटची दोन वर्षे ५,०००, तर हप्ता ६ लाखांवरच राहतो, सुमारे ७,९३०. एकूण देण्यात सव्वा लाखाच्या आसपास फरक पडतो. या काळात व्याज भरणाऱ्याला काही बँका दरातही सूट देतात. कर्जावरच्या व्याजाला प्राप्तिकरात आठ वर्षे वजावट आहे, तीही जुन्या करप्रणालीत. नव्या प्रणालीत असाल तर ती हिशेबात धरू नये.

कर्ज मंजुरीला काही आठवडे जातात आणि जागा मिळाल्यावर कॉलेजात हजर व्हायला मोजके दिवस. या मधल्या फटीत कुटुंबे हातउसने आणि सोने तारण यांकडे वळतात. त्यामुळे बँकेत जूनमध्येच जाऊन उत्पन्नाचे कागद तपासून घ्यावेत आणि फीच्या पहिल्या हप्त्याएवढी रक्कम मोकळी ठेवावी. ऐन दिवशी आणखी एक अडचण येते: बँकेत नवा लाभार्थी जोडल्यावर पहिल्या दिवशी मोठी रक्कम जात नाही, यूपीआयलाही बँकेची स्वतःची मर्यादा असते. कॉलेजचे खाते दोन दिवस आधी जोडून ठेवावे.

जागास्वीकृतीचे १,००० रुपये म्हणजे फी नव्हे. ते ऑनलाइन भरूनही कॉलेजात ठरल्या मुदतीत हजर न झाल्यास जागा जाते. प्रवेश रद्द करायचा तर जाहीर झालेल्या अंतिम तारखेच्या आत ऑनलाइन अर्ज करावा. मग १,००० रुपये वजा होऊन बाकीचे परत मिळतात. नुसते तोंडी सांगून किंवा कॉलेजला जायचे बंद करून प्रवेश रद्द होत नाही. मूळ कागदपत्रे अडवून ठेवण्याचा अधिकार कोणत्याही संस्थेला नाही.

अर्ज कोणाच्या फोनवरून भरला जातो, हेही पाहावे. नोंदणीत सायबर कॅफेवाल्याचा नंबर गेलेला असतो आणि फेरी लागल्यावर ओटीपी त्याच्याकडे. तोवर त्याने दुकान बंद केलेले असते.

घरातल्या संभाषणाबद्दल फार नाही, पण एवढेच. सतरा-अठरा वर्षांच्या मुलापासून फीचा आकडा लपवण्यात त्याची काळजी नसते, त्याला यादी आंधळेपणाने भरायला लावणे असते. एका कागदावर प्रत्येक कॉलेजचा चार वर्षांचा एकूण खर्च, शिष्यवृत्तीतून खात्रीने येणारे, घरून जमणारे आणि उरलेले कर्ज लिहावे आणि तो कागद त्याच्या हाती द्यावा. यादीचा क्रम त्याने लावावा. ‘झेपणार नाही’ हे जागा मिळाल्यावर सांगितले, तर तोवर त्याने मित्रांना सांगून झालेले असते. वर्षाला सत्तर हजार जास्त घेणारे कॉलेज चार वर्षांत २ लाख ८० हजारांनी महाग पडते. ते तेवढे चांगले आहे का, हे जाहिरातीतल्या सर्वोच्च पॅकेजवरून ठरत नाही. एनआयआरएफ या केंद्राच्या संस्था-क्रमवारीत भाग घेणाऱ्या संस्थांना आपली माहिती संकेतस्थळावर ठेवावी लागते. त्यात किती मुलांना नोकरी लागली आणि मधला पगार किती, हे दिलेले असते. सर्वोच्च पॅकेज एकालाच मिळते, मधल्या पगारावरून निम्म्या वर्गाची कल्पना येते.

सीईटी कक्षाने चॉईस कोडशेजारी मंजूर फी दाखवली, तर यातला बराच गोंधळ एका फटक्यात संपेल. आकडे प्राधिकरणाकडे आहेत, फक्त एका पडद्यावर आणायचे आहेत. ते होईपर्यंत आपल्यासारख्या दैनिकांनी कटऑफच्या तक्त्यात फीचा एक रकाना वाढवावा. जागा कमी पडली तर गुणवंतांचे फोटो थोडे लहान छापावेत.

आपले,
प्रवेश समुपदेशनाचे काम करणारे काही शिक्षक