टक्के कशातले, तेही छापा

संपादक साहेब, नमस्कार.

आयव्हीएफच्या (टेस्ट ट्यूब बेबीच्या) बातम्या आणि आयव्हीएफच्या जाहिराती हल्ली पेपरात शेजारी शेजारीच येतात आणि दोन्हीत एक आकडा मोठ्या अक्षरात असतो, सक्सेस रेट अमुक टक्के, आणि भ्रूणाची जेनेटिक टेस्ट करून घेतली तर त्याहूनही जास्त. हे टक्के कशातले ते मात्र कुठेच लिहिलेलं नसतं. मी स्वतः या ट्रीटमेंटमधून गेलेली आहे, रोजची इंजेक्शनं, सोनोग्राफी, एग पिकअप म्हणजे बीजं काढणं, मग ट्रान्सफर म्हणजे भ्रूण गर्भाशयात सोडणं आणि शेवटी तो बीटाचा रिपोर्ट, प्रेग्नन्सी आहे की नाही ते सांगणारा, हे सगळं काय असतं ते मला माहितीये, आणि त्या एका आकड्याकडे बघून नवराबायको किती मोठे निर्णय घेतात तेही माहितीये. म्हणून हे पत्र.

आधी आकड्याचंच सांगते. समजा १०० बायकांनी ट्रीटमेंट सुरू केली. सगळ्यांची भ्रूणं टेस्टला पाठवली आणि ४० जणींचा रिपोर्ट असा आला की ट्रान्सफर करण्यासारखं एकही भ्रूण नाही. उरलेल्या ६० जणींचं ट्रान्सफर झालं, त्यातल्या ३० जणींना बाळ झालं. आता जाहिरातीत काय येणार, तर ५० टक्के यश, कारण त्यांनी हिशोब ट्रान्सफरपासून धरला. पण पहिल्या इंजेक्शनपासून धरला तर तो ३० टक्केच आहे. त्या ४० जणी हिशोबात धरलेल्याच नाहीत, आणि नेमक्या त्याच बायका सगळ्यात जास्त खचलेल्या असतात. यात कोणी खोटं बोललेलं नसतं, आकडा बरोबरच असतो, पण जिची ट्रीटमेंट अजून सुरू व्हायचीय तिच्या तो काहीच कामाचा नाही.

हे मी मनाने बोलत नाहीये. पीजीटी-ए म्हणतात त्या टेस्टवर मोठे अभ्यास झालेत. या टेस्टमध्ये पाच-सहा दिवसांच्या भ्रूणाच्या बाहेरच्या थरातून पाच ते दहा पेशी काढतात आणि गुणसूत्रांची संख्या बरोबर आहे का बघतात. २०१९ मध्ये आलेल्या स्टार नावाच्या ट्रायलमध्ये २५ ते ४० वयाच्या ६६१ बायका होत्या, निम्म्या जणींसाठी भ्रूण टेस्ट करून निवडलं आणि निम्म्या जणींसाठी नुसतं मायक्रोस्कोपखाली दिसायला चांगलं ते निवडलं. २० आठवड्यांपर्यंत टिकलेल्या प्रेग्नन्सीचं प्रमाण ५० टक्के आणि ४६ टक्के, म्हणजे ठामपणे सांगता येईल असा फरक नाहीच. ३५ ते ४० वयाच्या बायकांचं वेगळं गणित मांडलं तेव्हा ट्रान्सफरच्या हिशोबाने ५१ विरुद्ध ३७ असा छान फरक दिसला, पण सुरुवातीला ट्रायलमध्ये घेतलेल्या सगळ्यांना धरून बघितलं तर तो खात्रीचा राहिला नाही. तोच वरचा मुद्दा.

मग २०२१ मध्ये चीनमधला १२१२ बायकांचा अभ्यास आला. या सगळ्या ३७ वर्षांपर्यंतच्या होत्या आणि प्रत्येकीकडे निदान तीन चांगली भ्रूणं होती. एक एक करून ट्रान्सफर करत गेल्यावर शेवटी बाळ घरी नेलेल्यांचं प्रमाण टेस्टवाल्या गटात ७७.२ टक्के आणि टेस्ट न केलेल्या गटात ८१.८ टक्के. म्हणजे टेस्ट करून यश वाढलं तर नाहीच, उलट किंचित कमीच निघालं. आणि नीट विचार केला तर यात आश्चर्य वाटण्यासारखं काही नाही, कारण टेस्टने भ्रूण सुधारत नाही, नवीन भ्रूणही तयार होत नाही, जी आहेत त्यातलं आधी कुठलं ठेवायचं आणि कुठलं बाजूला काढायचं एवढंच ती सांगते. आणि बाजूला काढलेल्यातलं एखादं खरं तर चांगलं असलं तर ती संधी गेलीच.

आणि तसं होतं का, तर होतं. काही भ्रूणांचा रिपोर्ट मोझाइक येतो, म्हणजे काही पेशी नॉर्मल आणि काही नाहीत. काढलेल्या पेशी ज्या थरातल्या असतात त्याची पुढे वार (प्लासेंटा) बनते, बाळ आतल्या पेशींपासून बनतं, त्यामुळे बाहेरच्या थोड्याशा पेशींवरून आतलं सगळं कळेलच असं नाही. २०१५ मध्ये इटलीतल्या डॉक्टरांनी अशी मोझाइक भ्रूणं १८ बायकांमध्ये ट्रान्सफर केली, या बायकांकडे दुसरं नॉर्मल भ्रूण नव्हतंच, आणि त्यातून ६ निरोगी बाळं झाली. पुढे २०२१ च्या एका अभ्यासात तर कमी आणि मध्यम प्रमाणातल्या मोझाइक भ्रूणांचं यश नॉर्मल भ्रूणांच्या जवळपास बरोबरीने आलं. त्याआधी जगभरात अशी किती भ्रूणं टाकून दिली गेली असतील याचा विचार केला की जीव कासावीस होतो.

पण एकच बाजू सांगून मला चालणार नाही. टेस्टने जे भ्रूण मोझाइक नाही तर पूर्णपणे अॅबनॉर्मल ठरवलं त्याबाबत तिच्यावर बराच भरवसा ठेवता येतो, एका अभ्यासात डॉक्टरांनी रिपोर्ट न बघता ट्रान्सफर केलं आणि नंतर रिपोर्ट उघडले, तेव्हा शंभराहून जास्त अॅबनॉर्मल भ्रूणांपैकी एकाचंही बाळ झालेलं नव्हतं. शिवाय मिसकॅरेज कमी होतात, त्या चीनच्या अभ्यासातच ते १२.६ वरून ८.७ टक्क्यांवर आले. जिने हे दुःख परत परत सोसलंय तिला एवढा फरकसुद्धा खूप वाटू शकतो आणि तिने टेस्ट करून घेतली तर मला त्यात काहीच चुकीचं वाटत नाही. ब्रिटनमध्ये या क्षेत्रावर नजर ठेवणारी एचएफईए नावाची सरकारी संस्था आहे, तिने याच टेस्टला दोन वेगवेगळे रंग दिलेत, बाळ होण्याची शक्यता वाढते का याला लाल आणि मिसकॅरेज कमी होतं का याला हिरवा. एवढ्या साध्या पद्धतीने पेशंटला समजावता येतं, मग आपल्याकडच्या बातमीत हे का येऊ नये?

दुसरी एक गल्लत सारखी होते. घरात थॅलेसेमिया किंवा सिस्टिक फायब्रोसिससारखा आजार आहे आणि नेमका कुठला जीन बिघडलेला आहे ते माहितीये, तर त्यासाठी भ्रूण तपासणं ही पूर्ण वेगळी टेस्ट आहे, पीजीटी-एम. १९९० मध्ये लंडनच्या हॅमरस्मिथ हॉस्पिटलमध्ये अॅलन हँडिसाइड यांच्या टीमने भ्रूणतपासणीची सुरुवात केली ती अशाच आनुवंशिक आजार असलेल्या कुटुंबांसाठी, आणि आजही तिथे तिचा खरा उपयोग आहे. जुलै २०२५ मध्ये ब्रिटनमधल्या न्यूकॅसलची बातमी आली, आईच्या मायटोकॉन्ड्रियामधला (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या भागातला) गंभीर आजार मुलांपर्यंत जाऊ नये म्हणून दात्या स्त्रीच्या निरोगी मायटोकॉन्ड्रिया वापरून ८ मुलं जन्मली, तेही २०१५ मध्ये तिथल्या संसदेने कायदा केल्यानंतर इतक्या वर्षांनी, एक एक केस तपासून परवानगी देऊन. ही खरी मोठी प्रगती आहे आणि तिचं मनापासून कौतुक वाटतं. पण अशा बातमीशेजारी भ्रूणाची बुद्धी आणि उंची आधीच ओळखून देतो म्हणणाऱ्या कंपन्यांची बातमीही तेवढ्याच उत्साहाने छापली जाते, ते बरोबर नाही. २०१९ मध्ये संशोधकांनी गणित करून दाखवलं होतं की दहा भ्रूणांतून निवड केली तरी सरासरी फायदा उंचीत अडीच सेंटिमीटर आणि बुद्ध्यांकात अडीच गुण एवढाच होईल. आणि दहा भ्रूणं असतात कोणाकडे? दोन मिळाली तरी देवाचे आभार मानतात माणसं.

टेस्ट सोडली तरी अॅड-ऑन म्हणून, म्हणजे मूळ ट्रीटमेंटला जोडून वरचं म्हणून, बाकी बरंच काही सांगितलं जातं. गर्भाशयाचं अस्तर थोडं खरवडलं की भ्रूण नीट रुजतं असं कितीतरी वर्षं सांगत होते, आणि ते खरवडणं दुखतं, चांगलंच दुखतं. २०१९ मध्ये १३६४ बायकांची ट्रायल झाली, खरवडलेल्यांमध्ये बाळ झाल्याचं प्रमाण २६.१ टक्के आणि न खरवडलेल्यांमध्येही २६.१ टक्के. अस्तराचा तुकडा तपासून ट्रान्सफरची अचूक वेळ काढायची टेस्ट आहे, तिच्यावर २०२२ मध्ये ७६७ बायकांचा अभ्यास आला, वेळ बदलून केलेल्यांना ५८.५ टक्के यश आणि नेहमीच्या वेळेला केलेल्यांना ६१.९ टक्के. या टेस्टसाठी एक अख्खी मॉक सायकल, म्हणजे भ्रूण न सोडता नुसती तालीम, करावी लागते, म्हणजे हातातला महिना जातो, आणि वय चाळिशीकडे आलेलं असताना महिना जाणं म्हणजे काय ते त्या बाईला विचारा. इक्सीचंही तसंच, म्हणजे एकच स्पर्म सुईने थेट बीजात सोडायची पद्धत. १९९२ मध्ये ब्रसेल्समधून ही पद्धत आली तेव्हा स्पर्म फारच कमी असलेल्या पुरुषांसाठी ती वरदानच ठरली, आजही आहे, पण स्पर्म काउंट आणि हालचाल नॉर्मल असताना इक्सी करून फायदा होतो का हे व्हिएतनाममध्ये १०६४ जोडप्यांवर तपासलं आणि २०२१ मध्ये उत्तर आलं, बाळ झाल्याचं प्रमाण इक्सीने ३५ आणि साध्या आयव्हीएफने ३१ टक्के, खात्रीने सांगता येईल असा फरक नाही.

या उलट ज्यांनी खरंच फरक पडला त्या गोष्टी इतक्या साध्या आहेत की त्यांची जाहिरात कोणी करत नाही. पीसीओएस (हार्मोन बिघडून बीज वेळेवर तयार न होण्याचा त्रास) असलेल्या ७५० बायकांच्या अभ्यासात २०१४ मध्ये दिसलं की बीज तयार व्हायला मदत करणाऱ्या लेट्रोझोलच्या गोळ्या घेतलेल्यांपैकी २७.५ टक्के जणींना बाळ झालं आणि जुन्या क्लोमिफीनवर १९.१ टक्के जणींना. गोळ्या, नुसत्या गोळ्या! २०१७ मध्ये नेदरलँड्समधल्या १११९ बायकांच्या अभ्यासात ट्यूब उघड्या आहेत का बघायच्या एक्सरेत पाण्यावर आधारित द्रवाऐवजी तेलावर आधारित द्रव वापरला, एवढाच बदल, तर बाळ होण्याचं प्रमाण २८.१ वरून ३८.८ टक्के झालं. त्या द्रवात आयोडीन असतं म्हणून थायरॉइडकडे लक्ष ठेवावं लागतं, सगळ्यांना ते चालेलच असं नाही, पण निदान डॉक्टरांशी बोलताना हा विषय निघायला हवा. सगळी भ्रूणं फ्रीझ करून नंतरच्या महिन्यात ट्रान्सफर करायचं, यानेही पीसीओएसवाल्या बायकांना २०१६ च्या अभ्यासात फायदा झाला, बाळ होण्याचं प्रमाण ४२ टक्क्यांवरून ४९.३, आणि इंजेक्शनांनी ओव्हरी सुजून पोटात पाणी होण्याचा धोका ७.१ वरून १.३ टक्के झाला. पण त्याच बायकांमध्ये पुढे प्रेग्नन्सीत बीपी वाढायचा त्रास जास्त दिसला, आणि पीसीओएस नसलेल्यांमध्ये २०१८ च्या अभ्यासात यशात फरकच पडला नाही. म्हणजे कोणाला काय लागू पडतं हे बघावंच लागतं, सगळ्यांना सरसकट एकच पॅकेज देऊन चालत नाही.

आणि पुरुषांबद्दल लिहायलाच हवं. मूल न होण्याच्या जवळपास निम्म्या केसेसमध्ये पुरुषाकडच्या कारणाचा वाटा असतो, कधी तेच एकटं कारण, कधी दोघांकडचं मिळून. तरी बाईच्या सगळ्या तपासण्या झाल्या, दुर्बिणीतून झालं, गोळ्या झाल्या, आणि नवऱ्याची साधी सिमेन टेस्ट अजून व्हायचीच आहे असं किती घरांत चालतं. ती टेस्ट सगळ्यात सोपी, ना भूल ना टाके, तीच पहिल्या दिवशी व्हायला पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये सांगितलं की जगात दर सहा माणसांमागे एकाला आयुष्यात कधी ना कधी वंध्यत्वाचा अनुभव येतो. माणसांमागे, बायकांमागे नाही. पण वंध्यत्वाच्या बातमीसोबत जो फोटो छापला जातो त्यात पोटावर हात ठेवून खिडकीत बसलेली एकटी बाईच असते, दर वेळी, तो फोटो तेवढा बदला अशी हात जोडून विनंती आहे.

डॉक्टरांवर माझा राग नाही हे स्पष्ट लिहिते. वर सांगितलेले सगळे अभ्यास डॉक्टरांनीच केलेत, आणि आपण रोज करतो ते उपयोगाचं नाही असा निकाल येऊ शकतो हे माहीत असूनही केलेत, याला मोठं मन लागतं. १९७८ मध्ये पहिलं आयव्हीएफ बाळ जन्मलं तेव्हापासून आजवर जगात एक कोटीहून जास्त मुलं या मार्गाने आलीत, ती याच लोकांमुळे. माझं म्हणणं त्यांच्या आणि पेशंटच्या मधे जो एक आकडा येऊन बसतो त्याबद्दल आहे, आणि तो बऱ्याचदा पेपरातूनच घरात येतो.

तर तुमच्याकडून एवढंच हवंय. यशाचा आकडा छापताना तो सुरू केलेल्या सायकलमागे आहे की ट्रान्सफरमागे, आणि प्रेग्नन्सी टेस्ट पॉझिटिव्ह येण्याचा आहे की बाळ जन्मण्याचा, हे त्याच वाक्यात लिहा. ज्या बायकांवर अभ्यास झाला त्यांचं वय लिहा, कारण ३० व्या वर्षीचा आकडा ४२ व्या वर्षी लागू होत नाही. नवीन टेस्ट आली म्हणून बातमी असेल तर तिची तुलना टेस्ट न केलेल्यांशी झालीये का ते डॉक्टरांना विचारा आणि झाली नसेल तर तसं सरळ छापा. आणि हे आकडे जाहिरातीत असतील तर जाहिरात देणाऱ्याकडूनही हीच माहिती मागून घ्या, कारण वाचणारी बाई बातमी कुठे संपली आणि जाहिरात कुठे सुरू झाली हे बघत बसत नाही, ती तो आकडा कापून पर्समध्ये ठेवते आणि डॉक्टरांकडे जाताना सोबत घेऊन जाते.

आपली,
एक नियमित वाचक