गिऱ्हाईक आणणाऱ्याइतकंच राखणाऱ्यालाही मोजा

प्रति,
संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या नोकरीविषयक पुरवणीत विक्री क्षेत्रातल्या संधींवर आलेला लेख वाचला. नवीन गिऱ्हाईक कसं हेरावं, पहिली भेट कशी मिळवावी, भाव कसा पटवावा, हे त्यात चांगलं सांगितलं आहे. पण मिळालेलं गिऱ्हाईक पुढची वर्षानुवर्षं कोण राखतं, याबद्दल अख्ख्या लेखात एक ओळही नाही. मी तेच काम करते, म्हणून लिहावंसं वाटलं.

फौंड्रीला, म्हणजे धातू वितळवून वाळूच्या साच्यात ओतणाऱ्या कारखान्याला, लागणारं रेझिन, हार्डनर, कोटिंग, स्लीव्ह, फिल्टर असा माल पुरवणाऱ्या गोकुळ शिरगावातल्या एका फर्ममध्ये मी जुन्या गिऱ्हाइकांची खाती बघते. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागलची पंचतारांकित वसाहत या कोल्हापूरजवळच्या तिन्ही औद्योगिक वसाहतींत आमचा माल जातो. ऑर्डर घेणं, गाडी निघाली की कळवणं, टेस्ट सर्टिफिकेट पाठवणं, भावफरकाची क्रेडिट नोट काढणं, मार्चला खात्याची बाकी जुळवणं आणि वसुलीचे फोन, हे माझं काम. ११ तारखेच्या आत आमचं जीएसटीआर-१, म्हणजे जीएसटीचं विक्रीचं विवरणपत्र, भरलं गेलं नाही, तर १४ तारखेला गिऱ्हाइकाच्या टू-बी या खरेदीच्या जीएसटी उताऱ्यात आमचं बिल दिसत नाही आणि भरलेल्या कराचं त्याचं क्रेडिट लटकतं. मग त्यांच्या अकाउंटंटचा फोन विक्रीवाल्याला जात नाही, मला येतो. पगारपत्रकावर माझा हुद्दा ऑफिस असिस्टंट असा आहे. इन्सेंटिव्हच्या तक्त्यात आमच्या टेबलासाठी रकानाच नाही.

हुद्द्याबद्दल माझी फार तक्रार नाही. या तक्त्यामुळे धंद्याचं काय होतं, त्याबद्दल आहे.

आमच्याकडचं एक खातं सांगते. शिरोलीतली फौंड्री, फ्युरान रेझिन आणि हार्डनरचं जुनं गिऱ्हाईक. साच्याची वाळू रेझिनने बांधली जाते आणि हार्डनरने ते रेझिन घट्ट होतं. ज्या मुलाने ते आणलं, त्याने खरंच कष्ट घेतले होते. रात्रपाळीला उभं राहून ट्रायल घेतली होती. पहिल्या बिलावर त्याला इन्सेंटिव्ह मिळाला आणि लगेच त्याला साताऱ्याच्या बाजूला नवीन गिऱ्हाइकांसाठी पाठवलं. त्याच्या जागी आलेल्याला या फौंड्रीची वाळू कशी आहे, हे कुणी सांगितलं नाही. तिथे बरीचशी वाळू परत परत वापरतात. पावसाळ्यात ती गार आणि दमट असते, मोल्ड, म्हणजे साचा, वेळेत सेट होत नाही, मग पाळीवरचा माणूस हार्डनर वाढवतो. हार्डनर वाढलं की त्यातलं गंधकही वाढतं. एसजी आयर्नच्या, म्हणजे गोल ग्रॅफाइटकण असलेल्या चिवट बिडाच्या, कास्टिंगला ते सोसत नाही, पृष्ठभागावरचं ग्रॅफाइट बिघडतं आणि माल मशिनिंगनंतर रिजेक्ट होतो. म्हणजे जून-जुलैत कुणीतरी तिथे जाऊन वाळूचं तापमान बघायला हवं, प्रमाण ठरवून द्यायला हवं, गरज असेल तर वेगळ्या ग्रेडचं हार्डनर सुचवायला हवं. विक्रीनंतरचं काम म्हणतात ते हेच.

मला ते ऑर्डरवरून दिसलं. रेझिनचे बॅरल तेवढेच आणि हार्डनरचे कॅन वाढलेले. मी आठवड्याच्या मीटिंगमध्ये सांगितलं. उत्तर मिळालं की तिमाही संपू दे, आधी टार्गेट पूर्ण होऊ दे. त्या मालकांनी तक्रारीचं पत्र पाठवलं नाही की भांडण केलं नाही. आपल्याकडे जुनी माणसं वाईटपणा घेत नाहीत. ऑर्डर अर्धी झाली, मग पाव झाली, मग त्यांच्या पर्चेसवाल्यांनी मला फोन करून "ताई, तुमची बाकी काढून ठेवली आहे, चेक घेऊन जा" एवढंच सांगितलं. त्याच तिमाहीत आमच्या फर्मने दोन नवी खाती उघडली म्हणून पेढे वाटले गेले. त्या दोन्हींची मिळून ऑर्डर गेलेल्या एका खात्याइतकी नव्हती.

आणि नवीन खातं कशावर मिळतं, तेही सांगायला हवं. जुन्याला ४५ दिवसांची उधारी असेल, तर नव्याला ९० दिवस देतात. जुन्याला जो भाव, त्याहून किलोमागे दोन-चार रुपये कमी लावतात. कोल्हापुरात हे लपत नाही. इथला पर्चेसवाला आज शिरोलीत असतो, उद्या कागलला नोकरी धरतो आणि जाताना सगळे भाव डोक्यात घेऊन जातो. एका लग्नाच्या पंगतीत चार फौंड्रीवाले शेजारी बसतात. वर्षानुवर्षं वेळेवर पैसे देणाऱ्याला जेव्हा कळतं, की परवा आलेल्याला आपल्यापेक्षा स्वस्तात आणि जास्त उधारीवर माल मिळतो, तेव्हा तो मला विचारतो, आमचं काय चुकलं? त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नसतं. गेली काही वर्षं मला या कामात सगळ्यात जड जाणारी गोष्ट हीच आहे.

नवीन गिऱ्हाईक नकोच, असं मी म्हणत नाही. २०१९ ला गाड्यांचा बाजार पडला, तेव्हा ऑटोच्या कास्टिंगवर चालणाऱ्या फौंड्र्यांनी पाळ्या कमी केल्या आणि आमचा खपही बसला. त्या वर्षी पंप आणि व्हॉल्व्हवाली नवीन खाती ज्या मुलांनी आणली होती, त्यांच्यावर आमचे पगार निघाले. उन्हात गेटवर थांबायचं, वॉचमनने परत पाठवलं तरी पुढच्या आठवड्यात पुन्हा जायचं, याला छाती लागते. ती माझ्यात नाही. दोन्ही कामं एकाच माणसावर लादली की एक काम मरतं, हेही मी पाहिलं आहे. ज्याला रोज नव्या दारात जायची हौस असते, त्याला बाकी जुळवत बसवून ठेवू नये.

पण त्याच २०१९ च्या ऑगस्टमधलं दुसरं चित्रही सांगते. पंचगंगेच्या पुरात शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली गेला. आमचं गोडाऊन नदीच्या अलीकडे, शिरोलीची गिऱ्हाइकं पलीकडे, आणि गाडी जायला वाट नाही. कुणाकडे किती माल शिल्लक असेल, याचा अंदाज मला खात्यांवरून होता. एका फौंड्रीत रेझिन पडून होतं, दुसरीत संपत आलं होतं. मी पहिल्या मालकांना फोन केला. दुसरी फौंड्री धंद्यात त्यांची स्पर्धक, तरीही ते म्हणाले, "तुमच्या शब्दावर देतो, रस्ता उघडला की माझे बॅरल भरून द्या." तसे आम्ही भरून दिले. हा शब्द कुठल्या तक्त्यात मोजला जातो?

मध्यंतरी आमच्याकडे पुण्याहून एका प्रशिक्षकांना बोलावलं होतं. त्यांनी पडद्यावर फ्रेडरिक रायशेल्ड आणि अर्ल सॅसर यांचा हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमधला १९९० चा निष्कर्ष दाखवला. गिऱ्हाइकांची गळती ५ टक्क्यांनी कमी केली, तर वेगवेगळ्या धंद्यांत नफा २५ ते ८५ टक्के वाढू शकतो, असा तो होता. तो सेवा देणाऱ्या कंपन्यांचा अभ्यास आहे, तोच आकडा रेझिनच्या बॅरलला जसाच्या तसा लावता येणार नाही. तरी दिशा बरोबर आहे. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि पुढच्या तिमाहीचा इन्सेंटिव्हचा तक्ता होता तसाच आला.

तक्ता बदलता येत नाही, असं कुणी म्हणू नये. म्युच्युअल फंडात पैसे आणल्याबरोबर वितरकाला मिळणारं आगाऊ कमिशन सेबीने ऑक्टोबर २०१८ मध्ये बंद केलं. गुंतवणूकदार जोवर टिकून आहे, तोवर कमिशन चालू, अशी पद्धत आणली. आयुर्विम्यात पहिल्या वर्षाचं कमिशन अजूनही मोठं असतं. पण तिथे निदान १३ व्या महिन्यात किती पॉलिसी चालू राहिल्या, ६१ व्या महिन्यात किती राहिल्या, हे कंपन्यांना जाहीर करावं लागतं. आमच्या वसाहतीतल्या किती फर्म सांगू शकतील, की गेल्या वर्षी उघडलेल्या खात्यांपैकी १३ व्या महिन्यात किती खात्यांवर ऑर्डर आली?

माझं म्हणणं एवढंच आहे, की नवीन खात्याचा इन्सेंटिव्ह अर्धा पहिल्या बिलावर द्यावा आणि उरलेला वर्ष झाल्यावर, खातं चालू असेल आणि पैसे आलेले असतील तर. त्या उरलेल्या अर्ध्यात खातं राखणाऱ्याचाही वाटा ठेवावा. खातं हाती देताना आणणाऱ्याने आणि राखणाऱ्याने एकदा बरोबर फौंड्रीत जावं. वाळू कुठली, भट्टी केवढी, रात्रपाळीला कोण असतं, पेमेंट कोणत्या तारखेला निघतं, ही माहिती मुलाच्या मोबाईलमध्ये न राहता फर्मच्या रजिस्टरला लागावी. आणि मीटिंगमध्ये नव्या खात्यांची यादी वाचण्याआधी ज्यांची ऑर्डर घटली त्यांची वाचावी. याला एक रुपयाही जास्त खर्च नाही.

स्मॅक आणि गोशिमा या आपल्या वसाहतींच्या संघटना आहेत. त्यांनी खाती सांभाळणाऱ्यांसाठी एखादी कार्यशाळा घेतली आणि तिला मालकांनीही बसावं असा आग्रह धरला, तर मी रजा टाकून येईन. आपल्या पुरवणीतही पुढच्या वेळी विक्रीवर लिहून घेताना ऑर्डरच्या टेबलावर बसणाऱ्या दोन-तीन जणींना, जणांना विचारावं. कुठलं गिऱ्हाईक पुढच्या तीन महिन्यांत सुटणार आहे, हे त्यांना आज माहीत असतं.

मी अजून त्याच फर्ममध्ये नोकरीला आहे, म्हणून नाव छापू नये ही विनंती.

आपली,
एक वाचक,
फुलेवाडी, कोल्हापूर